सातारा ते लंडन: साडेनऊ तास की चौदा वर्षं?

हेडफोन लावून निवांत बसलाय, की स्वारगेटवरून एसटी पकडून गावाकडं निघालाय? जिथं असाल तिथं, आजचा भाग जरा लांबच्या प्रवासाचा आहे. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं बरं वाटतं, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा लिखित मजकूर. बोलताना मी मध्येमध्ये अडखळलो ते काढून टाकलंय, बाकी सगळं तसंच आहे.

सुरुवात घरापासून करतो.

आमचं गाव सांगली जिल्ह्यात, वाळवा तालुक्यात. माझा थोरला चुलतभाऊ, त्याला आम्ही सगळे दादाच म्हणतो, काही वर्षांपूर्वी नोकरीसाठी लंडनला गेला. जायच्या आदल्या रात्री बॅगा भरायचं चाललं होतं आणि आज्जी सोप्यात बसून सगळं बघत होती. तिनं मला हाक मारली. "बाळा, लंडन किती लांब हाय रं?"

मी काय केलं असणार? फोन काढला, मुंबई ते लंडन टाकलं, आणि उत्तर वाचून दाखवलं. "आज्जी, सात हजार दोनशे किलोमीटर. साडेनऊ तास."

आज्जीला किलोमीटरशी काही देणंघेणं नव्हतं. तिनं तास पकडले. म्हणाली, "साडेनऊ तास? तुझा आजा गिरणीत होता तवा मुंबईस्नं गावाकडं यायला अख्खी रात जायाची. मग काय लई लांब न्हाय." आणि ती निर्धास्त झोपली.

दोन वर्षांपूर्वी आज्जी गेली. पहाटे गेली. घरातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज पडला आणि दादाला तो त्याच सेकंदाला मिळाला. मग तिकीट शोधणं, विमानतळ गाठणं, विमान, मुंबईत उतरून बाहेर पडणं, तिथून गाडीनं गाव. दादा दारात आला तेव्हा तीस तास उलटून गेले होते. सगळं उरकलं होतं. अंत्यदर्शन त्यानं व्हिडिओ कॉलवर घेतलं, माझ्याच हातातल्या फोनवर. माझा हात थरथरत होता, म्हणून त्याला नीट दिसलंही नाही.

तेव्हापासून एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. आज्जीला मी चुकीचं उत्तर दिलं होतं. आकडा बरोबर होता, उत्तर चूक होतं. मग 'लांब' म्हणजे नक्की काय? हे शोधता शोधता मी एका साताऱ्याच्या माणसापाशी येऊन थांबलो. सातारा ते लंडन हे अंतर त्याच्याइतकं कुणी सोसलं असेल असं मला वाटत नाही. त्यांचं नाव रंगो बापूजी गुप्ते. आजची गोष्ट त्यांची आहे.

आधी आकडा बघू

मी पडलो सॉफ्टवेअरवाला, त्यामुळं आकड्यापासून सुरुवात करतो. दोन विमानतळांमधलं अंतर ॲप कसं काढतं? दोन्ही ठिकाणांचे अक्षांश-रेखांश घेतं आणि पृथ्वी गोल आहे असं धरून तिच्या पृष्ठभागावरची सगळ्यात छोटी रेषा मोजतं. संत्र्यावर दोन टिंबं काढा आणि त्यांच्यात दोरा ताणून धरा. तीच ही रेषा. त्यासाठी आम्ही कोडमध्ये जे सूत्र वापरतो त्याला 'हॅवरसाइन' म्हणतात. हा शब्द मला कॉम्प्युटरच्या जमान्यातला वाटायचा. पण तो जेम्स इनमन नावाच्या इंग्रज गणितज्ञानं १८३५ मध्ये जहाजांवरच्या खलाशांसाठी रूढ केला. १८३५! हे साल लक्षात ठेवा, कारण आपली गोष्ट त्याच्या चारच वर्षांनी सुरू होते.

या सूत्रानं मुंबई ते लंडन येतं सुमारे ७,२०० किलोमीटर. साताऱ्यापासून मोजलं तर सुमारे ७,४००. आणि आपलं सातारा ते सांगली? सरळ रेषेत ११० किलोमीटरच्या आसपास. पण तुम्ही कराडवरून गाडीनं जाता तेव्हा मीटर सव्वाशेच्या आसपास दाखवतो. म्हणजे आपल्या घरच्या अंतरातसुद्धा कागदावरचा आकडा एक आणि रस्त्यावरचा दुसरा.

लंडनचं तर विचारूच नका. मुंबई ते लंडन तो ताणलेला दोरा अरबी समुद्रावरून निघतो आणि पाकिस्तानातला बलुचिस्तान, इराण, कॉकेशस, काळा समुद्र, युक्रेन असा जातो. आता ही यादी पुन्हा वाचा. २०१९ मध्ये बालाकोटनंतर पाकिस्ताननं काही महिने आपलं आकाश बंद ठेवलं होतं आणि एप्रिल २०२५ मध्ये भारतीय कंपन्यांच्या विमानांना पुन्हा बंदी घातली. युक्रेनचं आकाश फेब्रुवारी २०२२ पासून प्रवासी विमानांना बंद आहे. त्यामुळं विमान वळसा घालून जातं. शिवाय उंचावरचे वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात, म्हणून जाताना वेळ जास्त लागतो आणि येताना कमी. थोडक्यात, सगळ्यात जवळचा रस्ता नकाशावर असतो, पण तो तुम्हाला मिळेलच असं नाही. मध्ये कुणाची सत्ता आहे यावर ते ठरतं.

हीच गोष्ट १८३९ मध्येही होती.

सातारा, सप्टेंबर १८३९

पार्श्वभूमी पटकन सांगतो. १८१८ मध्ये पेशवाई संपली आणि इंग्रजांनी छत्रपती प्रतापसिंह महाराजांना साताऱ्याच्या गादीवर बसवलं. २५ सप्टेंबर १८१९ ला तह झाला. राज्य फार मोठं नव्हतं, पण अगदी छोटंही नव्हतं. पंढरपूर, विजापूरपर्यंत ते पसरलं होतं आणि आमचा वाळवाही त्यातच होता. आज आपण सातारा जिल्हा, सांगली जिल्हा असं वेगळं म्हणतो, पण ही वाटणी अगदी अलीकडची. १९४९ मध्ये 'दक्षिण सातारा' असा जिल्हा झाला आणि त्याचं नाव सांगली झालं १९६० मध्ये.

प्रतापसिंह महाराज कामाचे राजे होते. त्यांनी रस्ते बांधले, साताऱ्याला पाणी आणलं, शाळा काढली. साताऱ्याहून महाबळेश्वरकडे जाणारा रस्ता त्यांच्याच काळातला. पण पुढे जहागिरींवर हक्क कुणाचा, यावरून त्यांचं कंपनी सरकारशी वाजलं. मग त्यांच्यावर आरोप झाले. कंपनीच्या फौजेतल्या देशी अंमलदारांना फितवलं, गोव्याच्या पोर्तुगीजांशी संधान बांधलं, नागपूरच्या पदच्युत आप्पासाहेब भोसल्यांशी पत्रव्यवहार केला, असे. १८३९ च्या पावसाळ्यात मुंबईचा गव्हर्नर सर जेम्स कारनॅक स्वतः साताऱ्यात आला. त्यानं सांगितलं की या कागदावर सही करा, चूक झाली म्हणून मान्य करा, गादी राहील.

महाराजांनी सही केली नाही. जे केलंच नाही ते कबूल कसं करायचं?

सप्टेंबर १८३९ च्या पहिल्या आठवड्यात रात्रीच्या वेळी त्यांना राजवाड्यातून नेलं. आधी साताऱ्याजवळच्या लिंब गावी आणि मग थेट काशीला. गादीवर त्यांचे धाकटे भाऊ शहाजी, म्हणजेच आप्पासाहेब, यांना बसवलं.

आता महाराजांकडे फौज नव्हती, पैसा आटत होता. एकच मार्ग उरला होता. कंपनीचे मालक लंडनमध्ये बसतात, पार्लमेंट लंडनमध्ये आहे, तर तिथं जाऊन न्याय मागायचा. त्यासाठी जी माणसं गेली त्यातलं शेवटपर्यंत टिकलेलं नाव म्हणजे रंगो बापूजी.

विचार करा. साताऱ्यातला एक कारभारी माणूस. समुद्र ओलांडणं म्हणजे धर्म बुडाला असं मानणारा तो काळ. भाषा परकी, थंडी परकी, जेवण परकं. बायकापोरं इकडं. आणि तिकडं जाऊन भांडायचं कुणाशी, तर जगातल्या सगळ्यात श्रीमंत कंपनीशी, तिच्याच दारात.

दोन रस्ते

तेव्हा मुंबईहून लंडनला जायचे मुख्य रस्ते दोन.

पहिला जुना. शिडाच्या जहाजानं आफ्रिकेच्या टोकाला वळसा घालून. अंतर सुमारे १९,८०० किलोमीटर, वेळ चार ते सहा महिने. पाच महिने धरले तर हिशोब काय येतो? दिवसाला १३० किलोमीटर, म्हणजे तासाला साडेपाच. रात्रंदिवस न थांबता झपझप चालणाऱ्या माणसाचा वेग!

दुसरा रस्ता नुकताच उघडत होता. मुंबईहून आगबोटीनं सुएझ, तिथून उंटांवर किंवा गाड्यांत वाळवंट ओलांडून कैरो, पुढे नाईल नदी आणि कालव्यानं अलेक्झांड्रिया, मग पुन्हा आगबोट. या रस्त्याची पहिली मोठी चाचणी आपल्या मुंबईनंच केली. 'ह्यू लिंडसे' नावाची आगबोट २० मार्च १८३० ला मुंबईहून निघाली आणि २२ एप्रिलला सुएझला पोचली. त्यातले दिवस बोट चालली किती? साधारण २१. बाकीचे दिवस कोळसा भरण्यात गेले. बोटीत कोळसाच इतका भरला होता की माणसांसाठी जागाच उरली नव्हती. या उद्योगामागे मुंबईचा तेव्हाचा गव्हर्नर सर जॉन माल्कम होता. नाव ऐकल्यासारखं वाटतंय? महाबळेश्वरचं माल्कम पेठ त्याच्याच नावाचं. ती जागा त्यानं प्रतापसिंह महाराजांकडूनच बदल्यात घेतली होती.

पुढची गोष्ट मला थक्क करते. कोळशासाठी मध्ये थांबा हवा, म्हणून कंपनीनं जानेवारी १८३९ मध्ये एडन बंदर जिंकून घेतलं. त्याच १८३९ च्या सप्टेंबरमध्ये सातारच्या महाराजांना गादीवरून काढलं. म्हणजे एकाच वर्षात कंपनीनं लंडनचा रस्ता आखूड केला आणि त्या रस्त्यावर जाऊन न्याय मागायची वेळ साताऱ्यावर आणली.

या नव्या रस्त्यानं टपाल १८४० च्या दशकात साधारण पाच-सहा आठवड्यांत पोचायचं. पण बोट रोज नव्हती. महिन्यातून एखाददुसरी. चुकली की पुढच्या बोटीची वाट बघा.

नव्वद दिवसांचा पिंग

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांचा एक आवडता शब्द आहे, लेटन्सी. म्हणजे तुम्ही इथून काही पाठवलं आणि तिकडून उत्तर परत आलं, यात गेलेला वेळ. आज मुंबईच्या सर्व्हरवरून लंडनच्या सर्व्हरला 'पिंग' केलं तर उत्तर यायला १०० ते १५० मिलिसेकंद लागतात. पापणी लवायला लागतात तितकेच. गेम खेळताना इतका लॅग आला तरी आपण शिव्या घालतो.

रंगो बापूजींचा पिंग होता साधारण ९० दिवसांचा. सहा आठवडे जायला, सहा यायला, वर बोटीची वाट. गणित करून बघितलं. आजच्यापेक्षा जवळजवळ सहा कोटी पट.

आता या लॅगमध्ये खटला चालवायचाय असं समजा. लंडनमध्ये कुणी एक प्रश्न विचारला, 'या कागदावर महाराजांचं म्हणणं काय?' तुम्ही पत्र लिहिता. ते मुंबईला येतं, मुंबईहून काशीला जातं, तिथून उत्तर उलटं निघतं. हातात पडेपर्यंत तीन-चार महिने गेलेले. तोवर लंडनमधली ती सभा संपली, प्रश्न विचारणारा दुसऱ्या विषयाकडं वळला.

तरीही हा माणूस हटला नाही. लेडनहॉल स्ट्रीटवर कंपनीचं मुख्य कार्यालय होतं, ईस्ट इंडिया हाऊस. तिथं भागधारकांच्या सभा व्हायच्या. रंगो बापूजींनी इंग्लंडमध्ये माणसं जोडली. गुलामगिरीविरुद्ध लढणारा वक्ता जॉर्ज थॉम्पसन, पार्लमेंटमधला जोसेफ ह्यूम यांनी साताऱ्याची बाजू उचलून धरली. इंग्रजीत पत्रकं, निवेदनं छापली गेली. सभांमध्ये साताऱ्याचं नाव गाजत राहिलं. आज सोशल मीडियावर एखादं प्रकरण चार दिवस टिकलं तरी आपल्याला नवल वाटतं. रंगो बापूजींनी साताऱ्याचं प्रकरण लंडनमध्ये तेरा-चौदा वर्षं जिवंत ठेवलं.

आणि मग आली ती बातमी. १४ ऑक्टोबर १८४७ ला प्रतापसिंह महाराज काशीत वारले. ज्यांच्यासाठी तुम्ही सगळं सोडून आलात ती व्यक्ती गेली, आणि तुम्हाला ते कळणार कित्येक आठवड्यांनी. मधल्या काळात लंडनमध्ये त्यांच्या नावानं जे काही बोललं, लिहिलं गेलं, ते सगळं अशा माणसासाठी होतं जो या जगातच नव्हता. आमचा दादा तीस तासांनी पोचला, पण कळलं तर त्याला लगेच होतं. इथं कळायलाच महिना-दीड महिना.

१८४८: नऊ महिने टांगलेलं राज्य

पुढच्याच वर्षी, ५ एप्रिल १८४८ ला, गादीवर असलेले आप्पासाहेबही वारले. औरस वारस नव्हता, मरणाआधी दत्तक घेतला होता. काशीत प्रतापसिंह महाराजांनीही दत्तक घेतला होताच. आता दत्तकाला मानायचं की नाही?

तारखा बघा. मुंबईचा गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यानं एप्रिलमध्येच मत दिलं की दत्तक मान्य करावा, राज्य खालसा करू नये. पण तो लगेचच पायउतार झाला आणि मे महिन्यात लॉर्ड फॉकलंड आला. त्याचं मत उलटं. गव्हर्नर जनरल डलहौसी तर भारतात येऊन तीनच महिने झालेले. त्यानं ३० ऑगस्ट १८४८ ला टिपण लिहिलं की सातारा खालसा करा. ते लंडनला गेलं. कंपनीच्या संचालकांनी २४ जानेवारी १८४९ ला मंजुरी दिली. ती मंजुरी पुन्हा बोटीनं इकडं यायची.

म्हणजे नऊ-दहा महिने साताऱ्याला माहीतच नव्हतं की आपण राज्य आहोत की जिल्हा.

मला एक शंका होती. वाटलं, चला, उशीरच याचं कारण. फोन असता तर रंगो बापूजी जिंकले असते. पण नीट विचार केला तर ते खरं नाही. लेटन्सी दोन्ही बाजूंना सारखीच होती. कंपनीची पत्रंही त्याच बोटींनी जात होती. फरक दुसरीकडं होता. कंपनीची अधिकार असलेली माणसं दोन्ही टोकांना होती. साताऱ्यात रेसिडेंट, मुंबईत गव्हर्नर, कलकत्त्यात गव्हर्नर जनरल, लंडनमध्ये संचालक. १८३९ मध्ये त्यांनी आधी राजाला हलवलं आणि लंडनमध्ये चर्चा नंतर झाली. म्हणजे चर्चा अशा गोष्टीवर, जी आधीच होऊन गेली होती. वाट बघताना कंपनीचं काहीच बिघडत नव्हतं. राज्य तिच्या हातात होतं. प्रतापसिंह महाराजांच्या बाजूनं मात्र एका टोकाला एक कैदी आणि दुसऱ्या टोकाला एक वकील. वाट बघताना कैदी म्हातारा होत होता आणि वकिलाचे पैसे संपत होते.

उशीर सगळ्यांनाच होतो, पण त्याची किंमत सगळ्यांना सारखी पडत नाही. कोर्टात वीस वर्षं जमिनीचा दावा चालवणाऱ्या आपल्या गावातल्या कुणालाही विचारा, तो हे एका वाक्यात सांगेल.

परत येणं

१८५३ मध्ये पार्लमेंटनं कंपनीची सनद पुढे चालू ठेवली. त्याच वर्षाच्या अखेरीला रंगो बापूजी लंडन सोडून निघाले. हाती काही लागलं नव्हतं. ते इथून गेले तेव्हा भारतात आगगाडी नव्हती. परत आले तेव्हा बोरीबंदर ते ठाणे ३४ किलोमीटर गाडी धावत होती, १६ एप्रिल १८५३ पासून. आणि ज्या राज्याचे वकील म्हणून गेले होते ते राज्यच नकाशावर नव्हतं.

चौदा वर्षं अर्ज करून झाले होते. १८५७ मध्ये साताऱ्यात उठावाची तयारी झाली, त्यामागे रंगो बापूजी होते. तो बेत फुटला. ८ सप्टेंबर १८५७ ला साताऱ्यात गेंडामाळावर सतरा जणांना मारण्यात आलं. कुणाला फाशी, कुणाला गोळ्या, कुणाला तोफेच्या तोंडी. त्यात रंगो बापूजींचा मुलगा सीताराम होता.

रंगो बापूजी इंग्रजांच्या हाती लागले नाहीत. बक्षीस लावलं तरी नाही. ते कुठं गेले, कधी वारले, कुणालाच कळलं नाही. साताऱ्याला अजिंक्यताऱ्याच्या उतारावर 'चार भिंती' आहे ना, जिथं आपण संध्याकाळी फोटो काढायला जातो, ते १८५७ च्या वीरांचं स्मारक आहे. पुढच्या वेळी गेलात तर सेल्फीच्या आधी दोन मिनिटं थांबा.

बातमी सुटली, माणूस राहिला

मेरठचा उठाव १० मे १८५७ चा. ती बातमी लंडनला पोचली जूनच्या शेवटच्या आठवड्यात. म्हणजे तेव्हाही सहा-सात आठवडे. मग १८६९ मध्ये सुएझ कालवा उघडला, बोटीचा रस्ता ११,६०० किलोमीटरवर आला. आणि १८७० मध्ये समुद्राखालून तारेची केबल मुंबईला आली. तिथं जगात एक मोठा बदल झाला, जो आपण विसरून गेलोय.

तारा येईपर्यंत बातमी आणि माणूस एकाच बोटीनं जायचे. बातमी माणसापेक्षा फार पुढं पळूच शकत नव्हती. तार आली आणि दोघांची ताटातूट झाली. बातमी मिनिटांत, माणूस आठवड्यांत.

माणसानंही नंतर वेग पकडला. १९२९ मध्ये इम्पिरियल एअरवेजनं लंडन ते कराची हवाई टपाल सुरू केलं, सुमारे सात दिवसांचं. १५ ऑक्टोबर १९३२ ला जे. आर. डी. टाटांनी कराचीहून मुंबईला टपालाचं विमान आणलं. आणि ८ जून १९४८ ला एअर इंडिया इंटरनॅशनलचं 'मलबार प्रिन्सेस' मुंबईहून निघालं, कैरो आणि जिनिव्हाला थांबत १० जूनला लंडनला उतरलं. १८४८ ला साताऱ्याच्या गादीवरचे आप्पासाहेब वारले आणि बरोबर शंभर वर्षांनी, १९४८ ला, स्वतंत्र देशाचं विमान लंडनला पोचलं. रंगो बापूजींना हे सांगता आलं असतं तर?

आणि आज? विमान साडेनऊ तासांचं. पण विमान काही आमच्या गावातून सुटत नाही. सांगलीला विमानतळ नाही. कवलापूरच्या जुन्या धावपट्टीची चर्चा माझ्या लहानपणापासून ऐकतोय. कराडला धावपट्टी आहे, ती कोयना प्रकल्पाच्या काळातली. कोल्हापूरला विमानं येतात, पण लंडनला जायचं तर आम्ही मुंबईच गाठतो. गावातून मुंबई सात-आठ तास, तिथं तीन तास आधी पोचायचं, मग विमान, मग तिकडची रांग, मग तिथून घर. सगळं मिळून सव्वा दिवस सहज जातो. त्यातलं 'फ्लाइट टाइम' निम्मंसुद्धा नाही.

म्हणून म्हणतो, आज्जीला मी विमानतळ ते विमानतळ उत्तर दिलं. ती विचारत होती दारापासून दारापर्यंतचं. खरं तर तेही नाही. ती विचारत होती, 'मला काही झालं तर पोरगं पोचंल का?'

आज विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, "आज्जी, हाक मारलीस तर त्याला तिथंच ऐकू येईल. पण दारात यायला सव्वा दिवस लागंल. विसा, तिकीट, रजा मिळाली तर." तिला ते आवडलं नसतं. पण खरं कळलं असतं, आणि कदाचित तिनं दादाला जाताना आणखी थोडा वेळ जवळ बसवून घेतलं असतं.

दादा दर वर्षी येतो. गेल्या खेपेला आम्ही दोघं गाडी काढून साताऱ्याला गेलो, चार भिंतींवर बसलो. मी त्याला रंगो बापूजींची गोष्ट सांगितली. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "चौदा वर्षं... आणि घरी कुणाला व्हिडिओ कॉलपण नाही." एवढंच.

तर मंडळी, या आठवड्यात एक काम करा. घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाला विचारा की आयुष्यात सगळ्यात लांब कुठं गेला होतात, कशानं गेलात आणि किती दिवस लागले. आमच्या भागात कुणी गलाईच्या धंद्याला पार दूरच्या शहरात गेलेलं असतं, कुणी फौजेत, कुणी गिरणीत. उत्तर किलोमीटरमध्ये येणार नाही, बघा. दोन मिनिटांचा व्हॉइस नोट करून मला पाठवा. चांगल्या आठवणी पुढच्या भागात ऐकवतो.

तोवर सांभाळून राहा, आणि गावाकडं फोन करा. भेटू!